झरोक्याचं तिकीट

शेवटचा, अठरावा भाग जमला तर लेखकाला काय काय मिळणार होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हिशेब चुकायला नको. एक, दुसरा सीझन. दोन, श्रेयाच्या पाट्यांत त्याचं नाव दिग्दर्शकाच्या आधी. तीन, चॅनेलच्या इमारतीत आठव्या मजल्यावर खिडकीची खोली. सध्या तो लिफ्टशेजारी बसायचा, तिथे दर दोन मिनिटांनी घंटा वाजायची आणि त्याची प्रतिभा दचकायची. चार, मालिकेचे निर्माते शेठ त्याला ‘अरे’ऐवजी ‘अहो’ म्हणणार होते. पाचवं त्याने कुठे बोलून दाखवलं नव्हतं, पण मला दिसत होतं. त्याला चांगला भाऊ व्हायचं होतं. तेही तीस वर्षं मागे जाऊन, म्हणजे पुढे काही करायला लागू नये.

मी कंटिन्यूइटी बघते. मागच्या शॉटमध्ये कपात अर्धा चहा असेल तर पुढच्या शॉटमध्येही अर्धाच असला पाहिजे. घड्याळ डाव्या हातात असेल तर ते डाव्याच हातात राहिलं पाहिजे. कोणी रडत उठलं असेल तर शेजारच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचं नाक कोरडं होता कामा नये. हे सगळं मी वहीत लिहिते, म्हणून सेटवर मला वहीबाई म्हणतात. खरं नाव पगारपत्रकात आहे, तिथे ते सुखात आहे.

मालिकेचं नाव ‘तिसरा बाक’. तीस वर्षांपूर्वीचं एक घर, एक शाळा, दोन भावंडं. धाकटा भाऊ टिल्लू, हुशार, खोडकर, प्रत्येक भागाच्या शेवटी जिंकणारा. मोठी बहीण ढब्बू. ती दारात अडखळते, दूध उतू घालवते, कुठल्याही विनोदावर सगळ्यांच्या मागून हसते. चाळिशी उलटलेली माणसं मालिका बघून उसासे टाकायची आणि त्यांची मुलं डायलवाला फोन बघून हसायची. दोन्ही आवाज चॅनेलला हवे होते.

आता यातली गंमत अशी की लेखकाला त्याच्या लहानपणातलं काहीही आठवत नव्हतं. खरंच नाही. शाळेच्या दाराचा रंग विचारला तर तो छताकडे बघायचा. आठवायचं काम त्याची ताई करायची. दर गुरुवारी तो रेकॉर्डर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा, ती भांडी आवरता आवरता बोलायची, आणि तो मान डोलवायचा. बारीक तपशिलांसाठी मी तिला नंतर फोन करायची. वडिलांनी फोनला कुलूप लावलं तर फोन ठेवायच्या दांडीवर बोटाने टिचक्या मारून नंबर कसा लावायचा, ते ताईने शोधून काढलं होतं. मालिकेत ते टिल्लूने शोधलं. रेडिओ केसांच्या पिनेने ताईने दुरुस्त केला होता. तोही टिल्लूनेच. उलट खिडकीच्या गजांत डोकं लेखकाचं अडकलं होतं, तासभर, साबण लावून काढावं लागलं. मालिकेत ते ढब्बूचं अडकलं.

एकदा मी ताईला विचारलंसुद्धा, “तुम्हाला राग नाही येत?”

“कशाचा? दोघं एकाच घरातली. कोणाचं काय कोणाच्या नावावर गेलं, काय फरक पडतो? त्याचं चाललंय ना, चालू दे.”

ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. तीन भिंतींना आरसे, मध्ये काउंटर. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघतं आणि ताई गिऱ्हाइकाकडे बघते. मी त्या दुकानात चार वेळा गेले असेन. चारही वेळा ती अशा जागी उभी होती, जिथून एकही आरसा तिच्यासमोर येत नव्हता. माझं कामच ते, कोण कुठे उभं आहे ते बघणं. तेव्हा मी त्याला सवय समजले.

कारण कळलं ते बाराव्या भागाच्या सुमाराला. एका गुरुवारी मीही तिच्या घरी होते. रेकॉर्डर बंद झाला होता. ताई सहज म्हणाली की पंधराव्या वर्षी तिला एक खुळा नाद होता. दुपारी खोलीचं दार लावून ती आरशासमोर उभी राहून बोलायची. स्वतःची मुलाखत घ्यायची, प्रश्नही तिचेच, उत्तरंही तिचीच. शाळेच्या नाटकात तिला मुख्य काम मिळालं होतं, त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. एके दिवशी वरच्या झरोक्यातून हसण्याचा आवाज आला. वर बघितलं तर तोंडंच तोंडं. बाहेर पाण्याचं पिंप होतं, त्यावर चढून वर्गातली पोरं बघत होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, घसा बसलाय. तो अजून बसलेलाच आहे.” ती हसली. “हा तेव्हा शिकवणीला गेला होता. परत आला तर मी पालथी पडून रडत होते. काही विचारलं नाही हो त्याने. पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि अंधार पडेपर्यंत दाराबाहेर बसून राहिला. बारा वर्षांचं पोर.” मग तिने भावाकडे बघितलं. “बाकी घरातलं सगळं ने. हे तेवढं मालिकेत घालायचं नाही.”

“ताई, शप्पथ,” लेखक म्हणाला. तो चहाच्या कपात बघत होता. कप रिकामा होता. मी तेही बघितलं होतं, पण ती माझी कामाची वेळ नव्हती.

शेवटच्या भागासाठी चॅनेलला रडू हवं होतं. हसून हसून डोळे पुसले पाहिजेत, असा निरोप आला होता. लेखक चार दिवस गायब झाला आणि पाचव्या दिवशी संहिता घेऊन आला. वाचनाच्या खोलीत आम्ही नऊजण होतो. त्याला बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय. दर पानाला तो ओला आवाज, आणि त्या आवाजाबरोबर एकेकाचा रुमाल बाहेर. ढब्बू आरशासमोर बोलते. झरोक्यातून पोरं बघतात. टिल्लू येतो, पोरांवर दगड भिरकावतो, एकटा सहाजणांना पुरा पडतो, नाक फोडून घेतो आणि दाराबाहेर पाण्याचा ग्लास ठेवतो. शेठनी तीन कागदी रुमाल संपवले आणि ते चुरगाळून माझ्या वहीवर ठेवले.

मलाही रडू आलं. ते लपवत नाही. ताईला दिलेली शप्पथ मला आठवली ती रुमाल घडी करून ठेवल्यावर. मग मी स्वतःशीच म्हटलं, विचारलं असेल तिला. बहीण-भावाचं आहे. माझं काय जातं?

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मी यादी केली आणि नेहमीप्रमाणे ताईला फोन लावला. सतरा भाग मी हेच करत आले होते.

“ताई, तीनच प्रश्न. टॉवेल कुठल्या रंगाचा होता?”

“कुठला टॉवेल?”

“आरशासमोर डोक्याला गुंडाळायचात तो. लांब केस म्हणून. आणि दुसऱ्या दिवशीचा चष्मा वडिलांचा की आजोबांचा? आणि माइक म्हणून काय धरायचात, कंगवा की ब्रश?”

पलीकडे दुकानात कोणीतरी फ्रेमची किंमत विचारत होतं.

“हे शेवटच्या भागात आहे?” ताईने विचारलं.

तेव्हा मला कळलं की तिला कोणी विचारलेलं नाही. पण तोंडातून शब्द गेले होते. “हो,” मी म्हणाले. “तीन दिवसांचं दाखवलंय. एक दिवस टॉवेल, दुसऱ्या दिवशी चष्मा, मग शाल.”

“मी शालीचंसुद्धा सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. अगदी हळू, स्वतःशी बेरीज करावी तसं. “कशाचंच नव्हतं सांगितलं. नुसतं बोलायचे, एवढंच म्हणाले होते.” मग तिने विचारलं, “ती शेवटी आभार मानते का गं कोणाचे?”

मी पान उलटलं. “हो. मुलाखत घेणारी विचारते, यशाचं श्रेय कोणाला द्याल? ती म्हणते, माझ्या धाकट्या भावाला. तो कायम माझ्या पाठीशी उभा राहिला.”

मला वाटलं तिने फोन ठेवला.

“टॉवेल पिवळा होता,” ताई म्हणाली. “एका बाजूची किनार उसवलेली. चष्मा वडिलांचा. आणि कंगवा. लिहिलंस?”

“लिहिलं.”

“नीट लिही.” मग तिने ठेवला.

शिकवणीला गेलेल्या पोराला टॉवेल कसा दिसला, हे विचारायला वहीबाई असायची गरज नाही. झरोक्याच्या त्या बाजूला उभं राहिल्याशिवाय ते आभाराचं वाक्य कोणाला ऐकू आलं नसतं. ज्याला शाळेच्या दाराचा रंग आठवत नव्हता, त्याला टॉवेल, चष्मा, शाल आणि एक आख्खं वाक्य तोंडपाठ होतं.

चॅनेलच्या वकिलाने एक कागद काढला होता. पात्र जिवंत माणसावर बेतलंय, तेव्हा त्या माणसाची ‘हरकत नाही’ म्हणून सही हवी. सही नाही तर प्रसंग नाही, प्रसंग नाही तर रडू नाही, आणि रडू नाही तर आठव्या मजल्यावरची खिडकीही नाही. ताई फोन उचलेना, म्हणून लेखक दुकानात गेला, आणि मला बरोबर घेऊन गेला. साक्षीदार म्हणून की ढाल म्हणून, ते त्याने सांगितलं नाही.

ताई एका गृहस्थांना फ्रेम दाखवत होती. “काका, ही नको. हिच्यात तुम्ही वसुलीला आल्यासारखे दिसता. ही बघा, हिच्यात कोणीही दार उघडेल.” काका खूश होऊन दुसऱ्या आरशाकडे गेले.

“ताई, एक छोटीशी सही,” लेखक म्हणाला.

“कसली?”

“हरकत नाही म्हणून. ही कायद्याची माणसं फार किरकिरी असतात गं.”

“मला हरकत आहे का, ते विचारलंस?”

“तुला कशाला असेल? अगं, न्याय दिलाय मी तुला! टिल्लू त्या पोरांना पळवून लावतो. आख्खं युनिट रडलं. विचार यांना.”

ताईने माझ्याकडे बघितलं. “रडलीस?”

“थोडी,” मी म्हणाले.

“बरं.” ती भावाकडे वळली. “टॉवेल तुला कुठून मिळाला?”

“सुचला. लेखक आहे मी, ताई. सुचतं.”

“पिवळा सुचला?”

“पिवळा मी नाही लिहिला, तो या वहीबाईंनी—” तो थांबला. दोघंही माझ्याकडे बघायला लागली. माझ्या मागे आरसा होता, त्यामुळे मीही माझ्याकडे बघत होते.

“आणि आभार? तेही सुचले?”

“अगं, भावनेचा प्रसंग आहे. आता किती उकरणार आहेस?” त्याने बोटाला थुंकी लावली, कागदाचं शेवटचं पान काढलं, काउंटरवर ठेवलं. “इथे. आणि इथे.” मग खिशातून पेन काढलं.

ते पेन आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं होतं. हिरवं शाईचं पेन, टोपणाच्या क्लिपला तांब्याची तार गुंडाळलेली, मागचं टोक चावलेलं. त्याचं लकी पेन. मालिकेत टिल्लूच्या खिशाला तेच असायचं, माझ्या वहीत वस्तू क्रमांक एक्केचाळीस. विचार करताना लेखक ते चघळायचा. सतरा भाग मी ते बघत आले होते, आणि त्या दातांच्या खुणा त्याच्याच असतील, असं धरून चालले होते.

ताईने पेन हातात घेतलं. फिरवून बघितलं. तारेवरून अंगठा फिरवला.

“हे कुठलं?”

“जुनं आहे. शाळेपासूनचं.”

“मॉनिटरचं आहे,” ताई म्हणाली. “आमच्या वर्गाच्या. क्लिप सैल झाली होती, तार मी गुंडाळून दिली होती. हे चावायची सवय त्याची. मग एक दिवस म्हणाला, हरवलं. आख्खी मधली सुट्टी मी त्याच्याबरोबर बाकांखाली शोधत होते. गुडघे सोलवटले माझे. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मला वाटलं, पेन गेलं म्हणून बिचारा...” ती थांबली. “हे तुझ्याकडे कसं आलं?”

“ताई, गिऱ्हाईक थांबलंय.”

“कसं आलं?”

“मला काही आठवत नाही गं तेव्हाचं. तुला माहितीये.”

खरं सांगते, इतक्या वर्षांत मी सेटवर बरीच घाण बघितलीय. ग्लिसरीनने डोळे चिकटलेली मुलं बघितली, मेलेल्या बापाच्या फोटोसमोर कॅमेरा लावून ‘अजून एकदा’ म्हणणारे बघितले. पण दुसऱ्याच्या दातांच्या खुणांवर तीस वर्षं स्वतःचे दात घासणारा माणूस समोर उभा राहून ‘आठवत नाही’ म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारी येण्याआधी सुटतं ते.

ताईने पेन टोपण लावून परत दिलं. “रविवारी येते. बघून सही करीन.”

“नक्की?”

“पास पाठव. दोन. पोरीला घेऊन येते.”

बाहेर पडल्यावर लेखक म्हणाला, “बघितलंत? बहीण शेवटी बहीण असते.” त्याच्या चेहऱ्यावर कसली शंका नव्हती. सही मिळणार असं तो धरून चालला होता, कारण आजपर्यंत ताईकडून काही मागितलं आणि मिळालं नाही असं कधी झालंच नव्हतं.

रविवारी दुपारी दोनला शूटिंग होतं. आमची मालिका प्रेक्षकांसमोर होते. दीडशे खुर्च्या, समोर सेट, वर दिवे. प्रेक्षकांना फुकट पास असतो आणि मधल्या वेळात बिस्किटं. शूटिंगच्या आधी हसवणारा येतो. त्याचं कामच ते, माणसं तापवणं. लाल कोट घालून तो खुर्च्यांमधून फिरतो आणि कुठे किती हसायचं ते शिकवतो. ताईचा पास मीच दारात तिच्या हातात दिला. एक तिला, एक तिच्या मुलीला. मुलगी पंधरा वर्षांची, मामाच्या मालिकेची भक्त, मैत्रिणींना दाखवायला पासचा फोटो काढत होती.

“मंडळी, आज ढब्बू आरशासमोर जाणार आहे!” हसवणारा ओरडला. “टॉवेल डोक्यावर गेला की हसू इथून,” त्याने पोटावर थाप मारली, “इथून आलं पाहिजे. करून दाखवा!” दीडशे माणसं रिकाम्या सेटकडे बघून पोटातून हसली. भाचीसुद्धा. ताई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

ढब्बूचं काम करणारी मुलगीही पंधराचीच. सतरा भाग तिला अडखळायला लावलं होतं, पहिल्यांदाच तिला सलग बोलायला मिळणार होतं. ती आरशासमोर उभी राहिली. उसवलेल्या किनारीचा पिवळा टॉवेल तिने डोक्याला गुंडाळला, मानेला एक झटका दिला, कंगवा तोंडाशी धरला आणि विचारलं, “एवढ्या लहान वयात एवढं यश, काय सांगाल?” मग बाजू बदलून, आवाज बदलून, स्वतःच लाजली आणि उत्तर दिलं.

कोणी हसलं नाही.

ती चांगली करत होती म्हणून. इतकी चांगली की माणसं ऐकत बसली. एक खुर्ची वाजली नाही. मी वहीतून मान वर केली, माझ्याकडून तसं सहसा होत नाही. ताई पुढे झुकली होती. तिचे ओठ हलत होते, मुलीच्या अर्धा शब्द पुढे. तीस वर्षांनी ती आरशात बघत होती, आणि तिला दिसत होतं की तेव्हा जे झरोक्यातल्या पोरांनी बघितलं ते हसण्यासारखं नव्हतंच.

“कट!” शेठ खाली आले. “हे काय? कीर्तन आहे का? हसू कुठाय?”

हसवणारा घाम पुसत म्हणाला, “साहेब, मी सांगितलं होतं त्यांना.”

“तिला सांगा.” शेठ मुलीजवळ गेले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “बाळा, मस्त केलंस. आता जरा वाईट कर. टॉवेल डोळ्यांवर येऊ दे. कंगवा दातांवर आपट. तू ढब्बू आहेस ना?”

मुलीने मान हलवली. दुसऱ्या टेकला टॉवेल डोळ्यांवर आला आणि माणसं हसली. तिसऱ्या टेकला कंगवा दातांवर आपटला आणि खुर्च्या हलल्या. “माझ्या धाकट्या भावाला,” ती टॉवेलमधून म्हणाली, आणि भाची टाळी वाजवून हसली. हसता हसता तिने आईकडे बघितलं. हसू अर्ध्यावर थांबलं. ते परत गिळताना तिला ठसका लागला. मग टिल्लूने थर्मोकोलचे दगड मारून सहाजणांना पळवलं, ग्लास ठेवला, आणि पावसासारख्या टाळ्या पडल्या.

तिथे संपायला हवं होतं. पण शेठच्या डोक्यात एक कल्पना होती. लेखक माइक घेऊन सेटवर आला. “मंडळी, ही गोष्ट खरी आहे. आणि खरी ढब्बू आज इथे आहे. माझी ताई!” कॅमेरा वळला. ताई उठली. पर्स खुर्चीवर ठेवली, पायऱ्या चढली आणि भावाशेजारी उभी राहिली. त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. “बोल ना काहीतरी.”

ताईने माइक घेतला. आरशाकडे पाठ केली.

“तिकीट काय होतं रे?” तिने विचारलं.

कोणीतरी खुदकन हसलं.

“कसलं तिकीट?” लेखकही हसला.

“झरोक्याचं. किती दिवस होतास तू?”

दीडशे माणसांना दुपारभर शिकवलं होतं कुठे हसायचं. त्यांना वाटलं हेही त्यातलंच. हसू उसळलं. आणि मी लेखकाचा चेहरा बघितला. एवढं मोठं हसू सतरा भागांत त्याच्या एकाही ओळीला मिळालं नव्हतं. त्याचे डोळे चमकले. तो चाळिशीतला माणूस बघता बघता बारा वर्षांचा झाला.

“अकरा दिवस, ताई! रोज हाउसफुल्ल!”

छत उडेल असा हशा.

“आणि घेत काय होतास?”

“गोट्या चालायच्या, अठ्ठावीस जमवल्या! गोष्टीची पुस्तकं चालायची, दोन मिळाली. शिकवणीवरून लवकर पळून यायचो मी, पिंपावरची जागा धरायला!” त्याला थांबता येईना. “मॉनिटरकडे काहीच नव्हतं हो, त्याच्याकडून पेन घेतलं! हे बघा!” त्याने खिशातून पेन काढून उंच धरलं.

हसवणारा रडत होता. शेठ मांडी बडवत होते.

“आणि मी तुझे आभार मानायचे, तेव्हा?”

“तेव्हा तर सगळ्यात जास्त हसायचे!”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. निदान मला तसं वाटलं, कारण हात खाली आला. पण माणसं हसतच होती, आणि हसू चालू असताना पुढचं बोलायचं नसतं, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

“पेन दे,” ताई म्हणाली.

त्याने दिलं. शेठनी खुणेने कागद ट्रेमधून पाठवला. ताईने पेन मुठीत धरलं, कागद होता तसा ट्रेमध्ये ठेवला आणि पायऱ्या उतरली. जाताना त्या मुलीजवळ थांबली. तिचा टॉवेल नीट केला. “पहिल्यांदा केलंस तसंच करत जा,” एवढंच म्हणाली. मग पर्स उचलली आणि आपल्या मुलीला घेऊन दाराबाहेर पडली.

“सही?” लेखकाने मला विचारलं.

“नाही,” मी म्हणाले आणि वस्तू क्रमांक एक्केचाळीसवर रेघ मारली.

दोन दिवस चॅनेलमध्ये सुतक असल्यासारखे चेहरे होते. तिसऱ्या दिवशी वकील हसत आला. त्याच्या हातात रविवारचा पास होता. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं: पासधारकाचं दालनातलं दिसणं आणि बोलणं प्रसारित करायला त्याची संमती आहे असं धरण्यात येईल. ताई स्वतःच्या पायांनी आली होती, स्वतःच्या तोंडाने बोलली होती. ही गोष्ट खरी आहे, तिची आहे, हे कॅमेऱ्यासमोर तिच्याच बोलण्यातून आलं होतं. पास मी दिला होता. मागे वाचा, असं म्हणाले नव्हते. मी स्वतःही वाचलं नव्हतं, आणि दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेते मी.

भाग लागला. तिसरा टेक वापरला, पहिला पुसला. पेनाचा प्रसंग शेवटी जोडला, पाट्या त्यावरूनच गेल्या, आणि त्यात लेखकाचं नाव दिग्दर्शकाच्या आधी होतं. लोकांना काय आवडलं म्हणाल, तर भावाचा खरेपणा. किती मोकळ्या मनाने कबूल केलं, असं जिकडेतिकडे म्हणत होते. शेठ त्याला ‘अहो’ म्हणायला लागले. खिडकी मिळाली. नव्या सीझनसाठी त्याने हुबेहूब दुसरं पेन बनवून घेतलं, तार गुंडाळलेलं. चावायचं काम तो स्वतः करतोय.

गुरुवार बंद झाले. ताईकडचं दार त्याला उघडत नाही. पहिले दोन आठवडे तो छताकडे बघत बसला, मग माझ्याकडे आला. ताईने फोनवर सांगितलेलं सगळं माझ्या वह्यांमध्ये होतं. फोनच्या टिचक्या, रेडिओची पिन, दाराचा रंग. त्याने बोटाला थुंकी लावली आणि हात पुढे केला.

सात वह्या होत्या. दिल्या मी. चॅनेलच्या मालकीच्या आहेत, असं स्वतःला सांगितलं, आणि त्याच्या ओल्या बोटाचे ठसे पानांवर उमटताना बघत उभी राहिले. नंतर हात धुतले. दोनदा.

मागच्या महिन्यात चष्मा बदलायला गेले. दुसरं दुकान होतं वाटेत, तरी तिथेच गेले. ताईने मला फ्रेम लावून दिली, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, “ही बरी आहे. हिच्यात दिसतं तुला.” टोमणा होता की नाही, कळलं नाही. पोरगी कशी आहे, विचारलं. “बरी आहे. खोलीचा झरोका बुजवला तिने, आतून पुठ्ठा लावून. मी म्हटलं, अगं, हवा येणार नाही. म्हणते, नको येऊ दे.” ताईच्या खिशाला पेन होतं. हिरवं. बिल तिने त्यानेच लिहिलं.

तर कोणी काय भरलं. लेखकाने, काही नाही. शेठनी, बिस्किटं. प्रेक्षकांना पास फुकट होता, घरी बसून बघणाऱ्यांना तर खुर्चीवरून उठायचीही तोशीस नव्हती, आणि मी कामावर होते. ताईने तेव्हा एक नाटक दिलं आणि आता एक भाऊ दिला. भाचीने एक झरोका. तिकीट काढून बघितलं ते फक्त त्या पिंपावरच्या पोरांनी. अठ्ठावीस गोट्या, दोन पुस्तकं, आणि एकाने त्याच्याकडे होतं तेवढं एकुलतं एक पेन.